इमाम पाटकऱ्याला अमेरिकेची बातमी

इमाम, अमेरिका लढाईत उतरली.

पेपर आला तो तू गेल्याच्या चौथ्या दिवशी. टपाल नंदुरबारहून शहाद्याला आणि शहाद्याहून आपल्या गावाला येतं, म्हणजे बातमी मुळात तू गेलास त्याच सुमाराची. जपानने अमेरिकेच्या आरमारावर बाँब टाकले, आणि वीस वर्षं दार लावून बसलेला तो देश एका दिवसात अंगणात आला. मी चष्मा लावून दोनदा वाचलं. पेपरची नेहमीसारखी उभी घडी घातली, वहाणा चढवल्या आणि बंधाऱ्याकडे निघालो. वाटेवरच्या चिंचेपर्यंत गेल्यावर आठवलं की बंधाऱ्यावरच्या झोपडीत तू नाहीस. थोडा वेळ चिंचेखाली उभा राहिलो आणि घरी आलो.

म्हणून हे लिहितोय. तुला अक्षर येत नव्हतं, तेव्हा तू गेलास म्हणून लिहिण्यावाचण्याच्या बाबतीत फारसं बिघडलेलं नाही. आधीही मीच वाचायचो आणि तू ऐकायचास. फरक एवढाच की तू मधे मधे प्रश्न विचारायचास, आणि ते प्रश्न मला दोन दिवस पुरायचे.

तुझ्या मातीला सगळं गाव होतं. मी खांदा दिला, मूठभर माती टाकली आणि डोळे कोरडे ठेवून घरी आलो. लोक तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होते. पाटकरी असावा तर असा, कोणाचं थेंबभर पाणी इकडचं तिकडे केलं नाही, बापाने केलं तेच पोराने केलं, वगैरे. मेलेल्या माणसाबद्दल गाव नेहमीच खरं बोलतं, फक्त जरा उशिरा बोलतं. तू जिवंत असताना यातलेच चार जण तुला 'पंचाचं कुत्रं' म्हणत होते. मीही एकदा म्हटलं होतं. तुझ्या कानावर गेलं होतं हे मला ठाऊक आहे, कारण त्या शनिवारी तू माझ्या ओसरीवर बसताना एक पायरी खाली बसलास.

आपली मैत्री तशी विचित्रच. चारचौघांत तू मला 'तुम्ही' म्हणायचास आणि पाटावर दोघंच असलो की 'तू'. गोमाई नदीत पोहायला मला तू शिकवलंस. धुळ्याला जाऊन फायनलची परीक्षा पास होऊन मी आलो, तर तू विचारलंस, "मंग आते तू काय करशी? फायनलवर गहू येस का?" माझी जमीन बंधाऱ्याखाली सगळ्यात जास्त, पाटावरच्या जमिनीचे जे तीन पट्टे, म्हणजे फड, त्यांतल्या वरच्या आणि मधल्या फडात मिळून गावाच्या तिसऱ्या हिश्शाची. तुझी जमीन शून्य. पण त्या जमिनीवर पाणी केव्हा चढायचं, हे तू ठरवायचास. खांद्यावर फावडं टाकून तू पाटाच्या काठाने चालत निघालास की वरच्या फडापासून खालच्या फडापर्यंत माणसं तुझ्या पावलांकडे बघायची.

तुला आठवत असेल, मोठी लढाई संपली त्या सालापासून मी तुला दर शनिवारी पेपर वाचून दाखवायला लागलो. युरोपात सगळे देश एकमेकांचे मुडदे पाडून थकले होते, आणि अमेरिकेच्या अध्यक्षाने सांगितलं की आता सगळ्यांनी मिळून एक पंचायत करू. भांडण झालं तर तिथे मांडायचं, तलवार काढायची नाही. मला ती कल्पना फार आवडली होती. मी तुला समजावून सांगितलं, हे म्हणजे आपल्या पाटासारखंच आहे बघ, पाणी सगळ्यांचं, नियम सगळ्यांना. पुढे वर्षभरात बातमी आली की पंचायत झाली, पण अमेरिका तिच्यात बसणार नाही. अध्यक्षाचं त्याच्याच लोकांनी ऐकलं नाही.

तू विडी विझवलीस आणि म्हणालास, "मांडोव त्यानीच घाला, नि जेवाले तोच नही?"

मी त्या दिवशी अमेरिकेला काय काय शिव्या घातल्या, त्या आता लिहवत नाहीत. भेकड म्हटलं, मतलबी म्हटलं. म्हटलं, एवढा धष्टपुष्ट देश, दुनियेचा तिसरा हिस्सा माल त्याचा, आणि जबाबदारी आली की घरात. तू म्हणालास, जिभाऊ, त्या सभेत आपला कोण आहे? मी सांगितलं, सरकारने एक महाराजा पाठवला आहे. तू हसून हसून खोकलास. "म्हंजे पाट बी साहेबना नि पंच बी साहेबना. तठे मोठा बसना काय नि उठना काय, आपलं वावर कोल्लंच." आपलं वावर कोरडं ते कोरडंच, या तुझ्या हिशोबाचा मला राग आला होता. तुर्कांचा मुलूख विलायतेने आणि फ्रान्सने वाटून घेतला, त्याने तू दुखावलेला होतास हे मला माहीत होतं, पण मला वाटे की अमेरिका बसली असती तर तसं झालं नसतं. तुला तसं वाटत नव्हतं. पुढे एकदा तू जे म्हणालास त्यावर आपण कितीतरी शनिवार भांडलो: "मोठा बसना म्हंजे न्याय होस आसं नही. पन तो उठना का बाकीसनी लाज जास."

त्याच्यानंतर दोन पावसाळे गेले आणि मी स्वतः उठलो.

ती गोष्ट आपण दोघांनी कधी उच्चारली नाही. आज उच्चारतो. माझा नवा ऊस होता मधल्या फडात आणि माझी पाळी दोन दिवसांनी होती. शुक्रवार होता. तू नमाजासाठी शहाद्याला गेलास हे बघून मी भर दुपारी सालदाराला सांगितलं, फोड बांध. संध्याकाळी तू परत आलास, ओली सरी पाहिलीस, ओला बांध पाहिलास. माझ्याकडे आला नाहीस. सरळ पंचांकडे गेलास. पाटकऱ्याने जे पाहिलं ते सांगायचं, हा नियम. त्या दिवशी आपली दोस्ती तू घरी खुंटीला टांगून निघाला होतास.

आपल्याकडची शिक्षा तरी काय होती? दसऱ्यानंतर पाटाचा गाळ काढायला सगळं गाव उतरतं. ज्याने नियम मोडला असेल त्याने पहिलं टोपलं डोक्यावर घ्यायचं, चारचौघांसमोर काठावर नेऊन टाकायचं. मग सगळे हसणार, त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवणार, आणि तो विषय परत कोणी काढायचा नाही. काढला तर काढणाऱ्याला टोपलं. म्हातारे सांगत की माझ्या बापानेही एकदा उचललं होतं. माझा विश्वास बसत नसे. बाप माझा, आणि गाळाचं टोपलं?

पंच म्हणाले, जिभाऊ, टोपलं. मी उठलो. म्हणालो, "तुमना पाट तुम्हले लखलाभ. मी विहीर खंदसू." त्या बैठकीत तू सगळ्यात मागे उभा होतास. मी तुझ्या अंगावरून गेलो आणि तू बाजूला झालास.

विहीर खणली. पाणी लागलं. पुढे तेलावरचं इंजिन आणलं, ते गावातलं पहिलं इंजिन. त्याचा आवाज बंधाऱ्यापर्यंत जायचा आणि मला तो जावा असंच वाटायचं. गाळ काढायला माझी माणसं पाठवणं मी बंद केलं. जमिनीच्या मानाने माणसं द्यायची पद्धत, तेव्हा माझी बंद झाली म्हणजे दर तीन फावड्यांतलं एक गेलं.

पहिल्या साली काहीच झालं नाही. मीही तेच सांगत फिरलो, बघा, काही अडलं का? पाच दिवसांचं काम आठ दिवस चाललं, एवढंच. दुसऱ्या साली गिरधर पाटील म्हणाला, जिभाऊची माणसं येत नाहीत तर माझीच का? त्याने निम्मी पाठवली. चौथ्या-पाचव्या साली वरच्या फडातले लोक पाळी नसताना बांध फोडायला लागले. तू पंचांना सांगायचास. पंच बसायचे, ठरवायचे, अमक्याला टोपलं. अमका म्हणायचा, आधी जिभाऊला उचलायला लावा, मग मी. पंच बसत मात्र राहिले. चहा व्हायचा, निवाडा व्हायचा, टोपलं जागच्या जागी राहायचं.

आणि तू दर शनिवारी माझ्याकडे पेपर ऐकायला येत राहिलास. मला याचं अजून नवल वाटतं. दुसरा कोणी असता तर माझ्या उंबऱ्यावर थुंकायलासुद्धा आला नसता. तू पहिल्याच शनिवारी आलास, विड्याचं पान पुढे केलंस आणि विचारलंस, "काय म्हनस अमेरिका?" मी वाचायला लागलो.

एका उन्हाळ्यात इंजिन बिघडलं आणि मिस्त्री यायला पंधरा दिवस लागणार होते. ऊस पिवळा पडायला लागला. एके सकाळी शेतावर गेलो तर पाटाचं पाणी माझ्या सरीत. मला वाटलं, तू माझ्यासाठी नियम मोडलास. मनातून बरं वाटलं. नंतर कळलं की तू पाची पंचांच्या दारात जाऊन परवानगी मागितली होतीस, आणि त्यांतल्याच गिरधरने तुला दोनदा परत पाठवलं होतं. मी तुला कधी विचारलं नाही. आभारही मानले नाहीत. आज मानतो. त्यात तुझं काही वाढणार नाही, माझंच थोडं कमी होईल.

पेपरात जग आपल्या पाटासारखंच चाललं होतं आणि मला ते दिसत नव्हतं. जपानने चीनचा मुलूख घेतला. सभेने ठराव केला. जपान सभेतून उठून गेला. तू विचारलंस, "कोनकडे देखीसन उठना तो?" मी म्हटलं, कोणाकडे बघायची गरज काय, मस्ती आली होती. तू मान हलवलीस. मग इटलीने हबशांच्या देशावर विषारी धूर सोडला. त्यांचा राजा सभेपुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, आज माझं झालं, उद्या तुमचं होईल. मी ती बातमी आवाज चढवून वाचली. वाचता वाचता चष्मा काढून डोळे पुसले. म्हटलं, बघ इमाम, अमेरिका असती तर हे धाडस झालं असतं का? सभेत कोणाच्या दंडात जोरच उरला नाही. ती एक उठली आणि बाकीचे आपापल्या घराची कडी तपासत बसले.

तू विडी पेटवलीस. मग म्हणालास, "त्या राजानं वावर कितलं खाले शे, जिभाऊ?"

मला प्रश्न कळला नाही. मी नकाशा काढून आफ्रिका दाखवायला लागलो. तू नकाशाकडे बघितलंस आणि म्हणालास, "बराच खाले शे."

आपल्या पाटाच्या शेवटी खालच्या फडात रेह्या भिलाची दीड बिघा जमीन. त्याच्या शेजारी त्याच्या भावांची. त्या साली तिथे पाणी पोचलं नव्हतं, सलग तिसऱ्या साली. रेह्याचे भाऊ बायकापोरं घेऊन गुजरातेत ऊसतोडीला गेले होते. हे सगळं मला माहीत होतं. पण मला ती वेगळी बातमी वाटत होती, इमाम. हबशांसाठी माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि रेह्यासाठी आलं नाही. रेह्याचं नाव पेपरात छापून आलं असतं तर कदाचित आलं असतं.

नवी लढाई सुरू झाली त्या साली आपलं सगळ्यात मोठं भांडण झालं. मी म्हटलं, अमेरिका या खेपेला येणार नाही. तिला कोणाची गरज नाही. दोन्ही अंगांना समुद्र, घरात धान्य, घरात तेल, घरात कापूस. तिची स्वतःची विहीर आहे. हा शब्द मी माझ्या तोंडाने वापरला आणि मला काहीही जाणवलं नाही, यावरून मी कसला फायनल पास ते समजावं. तू विचारलंस:

"विहीरले पानी कोठून येस, जिभाऊ?"

"कोठून म्हणजे? जमिनीतून."

"जमिनमा कोठून येस?"

मी म्हटलं, विषय अमेरिकेचा चाललाय. तू म्हणालास, "मी बी तेच सांगी ऱ्हायनू," आणि फावडं उचलून गेलास. जाताना मात्र एक वाक्य टाकलंस: "ती येई. उशिरा येई, पन येई. जो पंचमधून उठी जास, तो परत येस तवय काठी लिसन येस. मंग काठी बठासना आंगनमा फिरस."

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या विहिरीने तळ दाखवला. इंजिन पाण्याऐवजी हवा ओढायला लागलं. मी वडार लावून विहीर आणखी खोल केली. वर्षाने पुन्हा केली. पहिल्याच खेपेला वडाराने वरून हाक मारून मला आत डोकवायला लावलं. तीन बाजूंच्या कपारी पहिल्यापासूनच कोरड्या होत्या. पाटाच्या बाजूची कपार तेवढी काळी पडलेली होती, जिथून इतकी वर्षं झरा येत होता. तीही आता सुकली होती. वडार म्हणाला, मालक, ही विहीर पाटाच्या पाझरावर होती. पाट वाहत होता तोवर ही भरत होती.

मी त्याला म्हटलं, बरं, आणखी दोन हात खण.

तुला हे सांगायला हवं होतं. त्या दिवशीच बंधाऱ्यावर येऊन म्हणायला हवं होतं की इमाम, पाणी कुठून येतं ते कळलं. पाऊणशे शनिवार हातात होते. प्रत्येक शनिवारी मी सांगेन सांगेन म्हणत पेपर उघडला आणि फ्रान्स पडल्याचं वाचलं, लंडन जळत असल्याचं वाचलं, अमेरिका अजून ठराव करतेय असं वाचलं. तुलाही कळलेलं असणार. पाटकऱ्याला कोणत्या विहिरीत किती पाणी ते ठाऊक असतं. तूही बोलला नाहीस. आपण दोघं एकाच कपारीच्या दोन बाजूंना बसून जगाच्या गप्पा मारत होतो.

या साली दसरा गेला, दिवाळी गेली, गाळ काढायला सहा माणसं आली आणि तिसऱ्या दिवशी तीही आली नाहीत. गव्हाला पाणी हवं होतं. तू एकटाच पाटात उतरलास. साठीच्या पुढचा माणूस, मार्गशीर्षातली थंडी, गुडघाभर गार चिखल. वरच्या फडापासून खाली सरकत सरकत तू बारा दिवस गाळ ओढत होतास. माझ्या ओसरीवरून तू दिसायचास. पाठ वाकलेली, फावडं वर-खाली. मी बघत होतो. ताप आला, छातीत कफ झाला, चार दिवसांत आटोपलं. तुझ्या मरणाचा दोष मी अंगावर ओढून घेत नाही, त्यात एक प्रकारची फुशारकी असते आणि तुला ती आवडली नसती. मी फक्त जे दिसलं ते सांगतोय. पाटकऱ्याने जे पाहिलं ते सांगायचं, तसं.

शेवटच्या दुपारी मी तुझ्या खाटेपाशी बसलो होतो. पेपर नेला होता, पण तू अमेरिकेचं विचारलं नाहीस. डोळे मिटलेलेच होते. म्हणालास, "जिभाऊ, खाले पानी गयं का?"

मी खालच्या फडाकडे वीस वर्षांत फिरकलो नव्हतो. म्हटलं, "गयं."

तू म्हणालास, "बरं झायं." ते तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं.

पेपर आला त्या दिवशी चिंचेपासून परत आलो खरा, पण घरात चैन पडेना. संध्याकाळी तुझ्या घरी गेलो. जैनबभाभी चुलीपाशी होती. काही बोलायचं म्हणून मी विचारलं, इमामचं काही आवरायचं आहे का? ती म्हणाली, "त्यासनं काय ऱ्हास? एक फावडं, एक कांबय. नि तुम्हनं टोपलं."

मला वाटलं ती दुसऱ्या कोणाचं म्हणतेय. तिने भिंतीकडे बोट केलं. खुंटीला बांबूचं नवंकोरं टोपलं टांगलेलं होतं, अजून हिरवट, माती न लागलेलं. "दर साल दसराले रेह्यानी बायकोकडथून नवं इनीसन लयेत. जुनं कोंबड्यासले दी टाकेत. मी इचारू, कोनसाठे, तं म्हनेत, जिभाऊसाठे. येतीन त्या, म्हनेत. येतीन तवय जुनं सडेल टोपलं कसं देवानं मानूसले?"

बाहेर अंगणात भिंतीच्या कडेला जुनी टोपली एकात एक घालून पडलेली होती. एकात कोंबडी बसली होती. इमाम, मी तिथे रडलो. जैनबभाभीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि मला पाणी दिलं.

दुसऱ्या सकाळी टोपलं घेऊन पाटावर गेलो. माझे दोन सालदार आणि सात मजूर बरोबर नेले. तू मधल्या फडाच्या शेवटी थांबला होतास, फावड्याच्या खुणा अजून स्पष्ट होत्या. तिथून पुढचा पाट काठोकाठ बुजलेला. रेह्या आणि त्याचा मेहुणा आधीच खणत होते. गिरधर पाटील काठावर उभा होता, बहुधा बघायला आला होता. मी धोतर खोचलं आणि आत उतरलो. पाणी इतकं थंड असतं हे मला माहीत नव्हतं. सालदाराने टोपलं भरलं, मी डोक्यावर घेतलं. गाळाचं पाणी कानामागून सदऱ्यात उतरलं. काठ चढताना पाय घसरला, पण पडलो नाही. टाकलं. कोणी हसलं नाही. गूळही कोणी आणला नव्हता, कारण कोणाला अपेक्षा नव्हती. शेवटी रेह्याने कमरेची पिशवी सोडून मोहाची चार वाळलेली फुलं माझ्या चिखलाच्या हातावर ठेवली. मी खाल्ली. मग गिरधरने वहाणा काढल्या.

दुपारी काठावर भाकरी खाताना मी सवयीने खिशातून पेपर काढला. म्हटलं, ऐका, अमेरिका लढाईत उतरली. सगळं वाचून दाखवलं. तुझं काठीचं बोलणंही सांगितलं, तुझ्या नावाने. आता ती काठी कोणाकोणाच्या अंगणात फिरेल आणि लढाई संपल्यावर ती टेकवून पंचायतीत बसेल की पंचायतच तिच्या धाकात बसेल, यावर मी माझं मत सांगत होतो. रेह्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते बेस झायं, जिभाऊ. पन पानी कवय येई?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. असल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा हक्क गावात एकालाच होता. मी पेपरची घडी घातली आणि म्हटलं, "परवा."

आज तो परवा आहे. तुझ्या मातीसाठी परगावाहून आलेल्या मुलाने सकाळी बंधाऱ्याची फळी काढली. वरच्या फडाचे बांध लावलेले आहेत, मी स्वतः चालत जाऊन पाहिले. पाणी आता मधल्या फडात असेल. हे लिहून झालं की मी पाटाच्या काठाने खाली निघतो. तुला मी 'गयं' म्हणून सांगितलं होतं, ते आज तरी खरं होतं का ते बघतो. येताना कब्रस्तानावरून येईन. आधी पाण्याचं सांगेन. अमेरिकेचं मग.